झाडावरचे पांढरे चट्टे हवेबद्दल काय सांगतात? कर्जत-खालापूरमधील शैवाकांचे शास्त्र

कर्जत किंवा खोपोलीच्या रस्त्याने जाताना आंब्याच्या खोडावर राखाडी, पांढरट, कधी हिरवट चट्टे दिसतात. अनेकांना ती बुरशी वाटते, काहींना झाडाला लागलेला रोग. बागेतील झाड असेल तर हे चट्टे खरवडून काढले जातात. रस्त्याकडेचे झाड असेल तर गेरू-चुन्याच्या पट्ट्याखाली ते झाकले जातात. प्रत्यक्षात हे चट्टे म्हणजे शैवाक, अर्थात लायकेन. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल हे याच गटातले.

शैवाक हवेतील बदलांना फार लवकर प्रतिसाद देतात. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांपासून शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग हवेची प्रत ओळखण्यासाठी करत आहेत. रायगड जिल्ह्याच्या आतील बाजूचे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके अशा निरीक्षणासाठी विशेष सोयीचे आहेत. कारखाने आणि द्रुतगती मार्ग असलेले खोपोली आणि मोटारींना बंदी असलेले माथेरान यांच्यातील अंतर सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. पण ही नोंद ज्या जुन्या झाडांवर उमटलेली आहे, ती झाडे तोडली गेली तर नवी रोपे लावून ती लवकर भरून निघत नाही. ते का, हे समजण्यासाठी आधी शैवाक कसा जगतो ते पाहावे लागेल.

शैवाक म्हणजे नेमके काय?

शैवाक ही एक वनस्पती नाही. ती किमान दोन जिवांची भागीदारी आहे. त्यातील एक कवक, म्हणजे बुरशीच्या कुळातील जीव. दुसरा शैवल किंवा नीलहरित जिवाणू. कवक घर बांधतो, पाणी आणि क्षार धरून ठेवतो, उन्हापासून आडोसा देतो. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील वाटा कवकाला देते. नीलहरित जिवाणू भागीदार असेल तर तो हवेतील नायट्रोजनही उपयोगी रूपात आणून देतो.

ही दुहेरी रचना स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात मांडली. तेव्हाच्या अनेक नामवंत अभ्यासकांना ती पटली नव्हती. आज ती सर्वमान्य आहे. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या बाहेरील थरात यीस्ट गटातील आणखी एक कवक राहत असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले.

दिसण्यावरून शैवाकांचे ढोबळ तीन प्रकार पडतात. खपलीसारखे सालीला घट्ट चिकटलेले, जे साल तोडल्याशिवाय निघत नाहीत. पानासारखे पसरणारे, ज्यांच्या कडा नखाने उचलता येतात. आणि झुडपासारखे किंवा दाढीसारखे लोंबणारे. मसाल्याचे दगडफूल पानासारख्या प्रकारात मोडते. नाव दगडफूल असले तरी बाजारात येणारा बराचसा माल हिमालयाच्या उतारांवरील ओक आणि इतर झाडांच्या सालीवरून गोळा केलेला असतो.

ते झाडाला खातात का?

नाही. शैवाकाला मुळे नसतात. त्याचे बारीक धागे सालीला धरून राहण्यापुरते असतात. झाडाच्या रसावर ते जगत नाहीत, म्हणून बांडगुळाशी त्यांची तुलना चुकीची ठरते. बांडगूळ झाडाच्या आत शिरून पाणी आणि क्षार ओढून घेते. शैवाकाला झाड फक्त बसायला जागा देते. पाणी, प्रकाश आणि बरेचसे क्षार तो थेट पाऊस, धुके आणि हवेतून घेतो.

मग अशक्त झाडावर शैवाक जास्त का दिसतात? झाड अशक्त झाले की पाने विरळ होतात आणि खोडावर जास्त उजेड पडतो. वाढ मंदावल्याने साल लवकर बदलत नाही. या दोन्ही गोष्टी शैवाकाला मानवतात. म्हणजे आधी झाड अशक्त होते, मग शैवाक वाढतो. शैवाक खरवडल्याने झाड सुधारत नाही. उलट खरवडताना साल जखमी झाली तर तेथून खरा रोग शिरू शकतो.

कर्जत-खालापूरमध्ये इतकी विविधता कशामुळे?

पहिले कारण उंचीचे. नेरळ स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर आहे. तेथून १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी रेल्वे २१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गाने सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानला पोहोचते. इतक्या कमी अंतरात तापमान, वारा, धुके आणि झाडांचे प्रकार बदलतात, तसे शैवाकही बदलतात.

दुसरे कारण पाण्याचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाची झोड असते. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. शैवाकाकडे पाणी साठवायची सोय नसते. पाणी संपले की तो सुकून कुरकुरीत होतो आणि त्याची जगण्याची क्रिया जवळजवळ थांबते. पाणी मिळाले की काही मिनिटांत तो पुन्हा कामाला लागतो. हिरवे शैवल भागीदार असलेले अनेक शैवाक नुसत्या दमट हवेने किंवा पहाटेच्या धुक्यानेही जागे होतात. नीलहरित जिवाणू भागीदार असलेल्यांना मात्र प्रत्यक्ष ओल लागते. म्हणूनच हे दुसऱ्या गटातले, ओले झाल्यावर काळपट आणि बुळबुळीत दिसणारे शैवाक ओढ्याकाठच्या, दाट सावलीतील, शेवाळ धरलेल्या खोडांवर शोधावे लागतात. उघड्या माळावरच्या झाडावर ते सहसा टिकत नाहीत.

भूमध्य समुद्राभोवतीच्या डोंगरांत याच्या उलट घडते. तिकडे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणजे ओल असते तेव्हा थंडी असते. सह्याद्रीत ओल असते तेव्हा आकाश महिनोन्महिने ढगाळ असते आणि उजेड कमी पडतो. त्यामुळे इथल्या शैवाकासाठी पावसाळ्याच्या आगेमागचे, ओल आणि ऊन दोन्ही असलेले दिवस मोलाचे ठरतात.

तिसरे कारण सालीचे. प्रत्येक झाडाची साल वेगळी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, तिच्या खाचांत ओल टिकते. जांभळाची आणि आंब्याची साल जुनी होईल तशी खडबडीत होते. तरुण फांद्यांची साल गुळगुळीत असते, तिच्यावर खपलीसारखे शैवाक आधी येतात. पेरू किंवा निलगिरीसारखी झाडे साल सोलून टाकतात, त्यामुळे शैवाकाला बस्तान बसवायला वेळच मिळत नाही. सालीची आम्लताही झाडागणिक बदलते आणि तिच्यानुसार शैवाकांची जात ठरते. एकाच बांधावर शेजारी उभ्या असलेल्या आंबा आणि पेरूच्या खोडांत इतका फरक दिसतो तो यामुळेच.

चौथा थर दगडाचा. हा सगळा प्रदेश बेसाल्टचा, माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड. इर्शाळगड किंवा पेठचा किल्ला यांच्या उघड्या कातळावर दिवसभर ऊन आणि वारा. तेथे राखाडी, पिवळसर, नारिंगी रंगाचे, वर्तुळात वाढणारे शैवाक दिसतात. त्यांच्यातील रंगद्रव्ये आतल्या शैवलाला तीव्र उन्हापासून वाचवतात.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत काय दिसते?

गावातल्या आणि रस्त्याकडेच्या आंब्यावर, माडावर बहुधा राखाडी-पांढरे, सालीला जवळजवळ चिकटलेले गोल चट्टे असतात. पिक्सिन आणि डिरिनारिया या वंशांतील शैवाक अशा जागी भारतभर आढळतात. धूळ, ऊन, वाहनांचा धूर त्यांना तुलनेने सोसतो. पिक्सिन कोकोज ही जात तर भारतीय शहरांत हवेतील जड धातूंच्या अभ्यासासाठी मुद्दाम वापरली जाते. शैवाक हवेतून येणारे धातू अंगात साठवतो, त्यामुळे त्याचे रासायनिक विश्लेषण केले की त्या जागी काय पडत होते ते कळते.

कोंडाणे लेण्यांच्या वाटेसारख्या पायथ्याच्या जंगलात शिरले की चित्र पालटते. गुळगुळीत सालींवर पांढरट पार्श्वभूमीवर काळ्या, वळणदार, तुटक रेषा दिसतात. कुणीतरी मोडी लिपीत लिहून ठेवावे तशा. हे ग्राफिस आणि त्याच्या नातलग वंशांतील शैवाक. त्या काळ्या रेषा म्हणजे कवकाची बीजाणू तयार करण्याची जागा. पश्चिम घाटात या कुळाची विविधता मोठी आहे. या शैवाकांचा भागीदार बहुधा ट्रेंटेपोलिया नावाचे शैवल असते. हेच शैवल पावसाळ्यात कोकणातील भिंतींवर आणि खोडांवर नारिंगी मखमलीसारखे स्वतंत्रपणेही वाढते. अनेकांनी ते पाहिलेले असते, फक्त नाव ठाऊक नसते.

वर माथेरानला अंजन, जांभूळ, हिरडा यांची सदाहरित राई आहे. पावसाळ्यात ढग या झाडांतून वाहतात. पानासारखे, रुंद कडांचे शैवाक वाढायला अशी दमट, थंड हवा पोषक असते. मसाल्याच्या दगडफुलाचे जवळचे नातलग याच प्रकारातले. दाट सावलीत बारमाही पानांवरही काही शैवाक इवल्याशा ठिपक्यांच्या रूपात वाढतात. एका पानाच्या आयुष्यात त्यांना जन्म, वाढ आणि प्रसार उरकावा लागतो.

हवा कशी ‘वाचतात’?

वनस्पतीच्या पानावर मेणासारखा थर असतो आणि हवा आत घेणारी छिद्रे ती उघडू-मिटू शकते. शैवाकाकडे असे दार नसते. पावसात विरघळलेले जे काही येईल ते तो सर्व अंगाने शोषतो आणि पानगळीसारखी ते टाकून देण्याची सोयही त्याच्याकडे नसते. सल्फर डायऑक्साइड ओल्या शैवाकात विरघळला की आम्ल तयार होते आणि शैवलाचे हरितद्रव्य बिघडते. अन्न करणारा भागीदार मेला की भागीदारी संपते.

फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम निलांदर यांनी १८६६ मध्ये पॅरिसमध्ये हे ओळखले. लक्झेंबर्ग उद्यानात भरपूर शैवाक होते, शहराच्या इतर भागांत फारच कमी. शैवाक हवेच्या आरोग्याचे मापक आहेत, असे त्यांनी म्हटले. १९७० मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी खोडावरील शैवाक पाहून हवेतील सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधण्याची श्रेणी तयार केली. पुढे तिकडे कोळशाचा धूर घटला आणि लंडनमध्ये शैवाक परतले.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात इटलीच्या व्हेनेटो प्रांतातील अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे शैवाकांची विविधता कमी, तेथे पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त, असा संबंध त्यात आढळला. शैवाक नाहीत म्हणून कर्करोग होतो, असा याचा अर्थ नाही. जी हवा शैवाकाला मारते तीच माणसाच्या छातीत जाते, एवढे त्यातून ठळक झाले. २०१४ पासून युरोपात यासाठी प्रमाणित पद्धतही आहे. जमिनीपासून एक मीटर उंचीवर, खोडाच्या चारही दिशांना दहा सेंटिमीटरच्या पाच-पाच चौकटींची शिडी लावायची आणि प्रत्येक चौकटीत कोणत्या जाती आहेत ते मोजायचे.

खोडावर शैवाक नाहीत, म्हणजे हवा खराबच का?

इतका सोपा निष्कर्ष काढता येत नाही. साल सोलणारे झाड असेल, खोडावर चुना मारला असेल, झाड तरुण असेल, वणव्यात खालचा भाग भाजला असेल, तरीही खोड रिकामे दिसते. आंब्यावर लावलेल्या बोर्डो पेस्टमधील तांबेही शैवाकाला मारक असते.

शैवाक भरपूर आहेत म्हणजे हवा उत्तम, हेही खरे नाही. धूळ आणि नायट्रोजनयुक्त प्रदूषण सोसणाऱ्या जाती अशा जागी उलट फोफावतात. सिमेंट किंवा चुन्याच्या धुळीने सालीची आम्लता कमी होते आणि नाजूक जातींच्या जागी सोशिक जाती येतात. खोड पांढरेच दिसते, पण त्यावरील दहा जातींच्या जागी दोनच उरलेल्या असतात. म्हणून एकूण किती शैवाक यापेक्षा कोणते आणि किती प्रकारचे, हा प्रश्न महत्त्वाचा.

तुलना करायची तर ती सारख्याची सारख्याशी हवी. तीच जात, जवळपास तेवढाच बुंधा, तेवढाच उजेड. या भागात त्यासाठी आंबा सर्वांत सोयीचा. खोपोलीच्या वस्तीत, द्रुतगती मार्गालगतच्या खालापूरच्या शेतात, कर्जतच्या आदिवासी वाडीत आणि डोंगराच्या पायथ्याशी, सगळीकडे जुने आंबे सापडतात. उंचीचा परिणाम वेगळा काढायचा असेल तर पायथ्याच्या झाडांची तुलना पायथ्याच्याच झाडांशी करावी लागते. खोपोलीचा आंबा आणि माथेरानचे जांभूळ शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरेल.

जुने झाड गेले तर काय जाते?

मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये असल्याने या दोन तालुक्यांवर फार्महाऊस, गृहप्रकल्प, रस्ते आणि खडी खाणी यांचा मोठा रेटा आहे. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. त्या क्षेत्राबाहेरील बांधावरच्या आणि रस्त्याकडेच्या झाडांना मात्र असे कवच नाही.

झाड तोडले की बदल्यात रोपे लावण्याची अट असते. सावली आणि लाकूड यांचा हिशेब त्यातून काही वर्षांत बसू शकतो. शैवाकांचा बसत नाही. पानासारखे शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढतात, खपलीसारखे बहुधा त्याहूनही कमी. तळहाताएवढा चट्टा अनेक वर्षांची वाढ असू शकतो. प्रसारही सोपा नाही. काही शैवाक दोन्ही भागीदार असलेली पिठासारखी भुकटी सोडतात, ती वाऱ्याने किंवा मुंग्यांच्या पायाने जवळपास पोहोचते. बाकीच्यांच्या कवकाचे बीजाणू उडतात, पण उतरलेल्या जागी योग्य शैवल भेटले तरच नवा शैवाक घडतो. त्यासाठी जवळ एखादे जुने, शैवाकांनी भरलेले झाड असावे लागते. देवराईतील किंवा वाडीतील असे झाड आजूबाजूच्या तरुण झाडांसाठी बियाण्याच्या कणगीचे काम करते. सगळी जुनी झाडे एकदम गेली तर कणगीच रिकामी होते.

शैवाकांवर महाराष्ट्रात गंभीर काम झालेले आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील शैवाकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. अनेक नव्या जातींचे वर्णन तेथून प्रसिद्ध झाले आणि गोळा केलेले नमुने संस्थेच्या अजरेकर संग्रहात जपले आहेत. अशा संग्रहांमुळे कोणती जात कधी, कोठे होती हे पुढच्या पिढीला ताडून पाहता येते.

सामान्य माणूस काय करू शकतो?

जात ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्या लागतात, ते तज्ज्ञांचे काम. पण बदल टिपायला साधा फोन पुरतो. गावातील चार-पाच जुने आंबे निवडावेत. प्रत्येकाच्या खोडावर छातीच्या उंचीला, उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजूंना, शेजारी पट्टी धरून फोटो काढावेत. तारीख आणि जागा लिहावी. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याच जागेचा फोटो पुन्हा घ्यावा. चट्टे वाढले, पांढरे पडून सोलले की नाहीसे झाले, नव्या रंगाचे काही आले का, हे चार-पाच वर्षांत स्पष्ट दिसू लागते. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी हा विषय चांगला आहे. त्याला खर्च नाही आणि नोंद दरवर्षी जास्त किमती होत जाते.

नमुना म्हणून साल सोलू नये, कारण तळहाताएवढा तुकडा परत यायला मूल मोठे होण्याइतका काळ लागू शकतो. आणि घरच्या आंब्यावर चट्टे दिसले तर खरवडण्याआधी फांद्यांचे शेंडे, मोहोर आणि पाने पाहावीत. रोग असेल तर तो तेथे दिसेल.